सातारा–पुणे प्रवासात व्हीआर हेडसेट वापरण्याचा कुणाला अनुभव आहे का?

वाढेफाटा :

नोकरी पुण्यात आणि घर साताऱ्यात, अशी गेली चार वर्षे माझी दोन डगरींवर पाय ठेवून कसरत चालू आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेट आणि सोमवारी पहाटे सातारा बसस्थानक, एका दिशेचे अंतर साधारण ११० किलोमीटर आणि वेळ वाहतुकीच्या मर्जीनुसार अडीच तासांपासून पुढे कितीही. या वेळात मी वाचून पाहिले, झोपून पाहिले, फोनवर मालिका पाहून मान अवघडून घेतली. दिवाळीत भाच्याने नवा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी दृश्ये पाहण्याची पेटी, घेतला आणि जुना मला देऊन टाकला. घरी त्यावर सिनेमा पाहताना भिंतीएवढा पडदा समोर दिसतो, मान ताठ राहते, तेव्हा हीच गोष्ट बसमध्ये का करू नये, असा साधा विचार मनात आला आणि तो मी अमलात आणला.

शिरवळपर्यंत जेमतेम निभावले. मधूनमधून ‘तुमची हद्द पुन्हा आखा’ अशी सूचना डोळ्यांसमोर येत होती आणि पडदा हळूहळू एका बाजूला सरकत होता, पण बटण दाबून तो पुन्हा समोर आणता येत होता. सातारा जिल्ह्यातला खंडाळा मागे पडून खंबाटकी घाटाची चढण लागली आणि सगळेच बिनसले. बस उजवीकडे वळली की पडदा डावीकडच्या खिडकीतून बाहेर जाई. बस डावीकडे वळली की तो शेजारच्या आजोबांच्या डोक्यावरून पलीकडे जाई आणि त्याच्यामागे माझी मान. तिसऱ्या वळणाला माझे कपाळ आजोबांच्या खांद्यावर टेकले. चौथ्या वळणाला मी हेडसेट काढला आणि पिशवी शोधू लागलो. मला लहानपणापासून कधीही गाडी लागलेली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो. आजोबांनी न बोलता आवळासुपारीची पुडी पुढे केली आणि वेळे गाव येईपर्यंत माझ्याकडे पाहण्याचे सौजन्याने टाळले.

माझ्या हेडसेटमध्ये दोष आहे, की बसमध्ये हे मुळात शक्यच नाही? रेल्वेने गेल्यास काही फरक पडेल का? सातारा–सांगली पट्ट्यातील कुणी हा प्रयोग केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

हरिपूररोड :

हेडसेटमध्ये दोष नाही. ज्या जगासाठी तो बनवला आहे ते जग स्थिर असते आणि आपण त्याला खंबाटकीत नेलात, एवढेच घडले आहे. माझा व्यवसाय संवेदकांशी (सेन्सरशी) संबंधित असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपले डोके कुठे आहे आणि कुणीकडे वळले आहे, हे ठरवण्यासाठी हेडसेट दोन साक्षीदारांवर अवलंबून असतो. पहिला साक्षीदार म्हणजे आतील जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर. हे वळण आणि वेगातील बदल मोजतात, पण ते वळण मानेमुळे झाले की बसमुळे, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे बाहेरच्या बाजूचे कॅमेरे. ते आजूबाजूच्या वस्तूंचे कोपरे आणि कडा हेरून त्यांच्या तुलनेत आपली जागा ठरवतात. घरात दोघांची साक्ष जुळते. बसमध्ये पहिला सांगतो की आपण नव्वद अंशांत वळलो, दुसरा सांगतो की पुढच्या बाकाची पाठ होती तिथेच आहे, आणि त्याच कॅमेऱ्याचा खिडकीकडचा भाग सांगतो की सगळे जग मागे पळते आहे. सॉफ्टवेअर या गोंधळात शेवटी जायरोस्कोपचे ऐकते. त्यामुळे आपला पडदा रस्त्याच्या हिशेबाने जागच्या जागी राहिला आणि आपण बससह वळलात. आपल्याला मात्र पडदाच पळाल्यासारखे वाटले.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी ‘प्रवास मोड’ आणला आहे. ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये तो फेब्रुवारी २०२४ मध्ये उपकरण बाजारात आले तेव्हापासून विमानासाठी होता, आणि रेल्वेची सोय त्याच वर्षीच्या पुढच्या आवृत्तीत आली. मेटा कंपनीनेही २०२४ मध्येच आपल्या क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ या हेडसेटसाठी तो विमानप्रवासापासून सुरू केला. त्याचे तत्त्व सोपे आहे : पहिल्या साक्षीदाराचे म्हणणे कमी मानायचे आणि कॅमेऱ्याचे जास्त मानायचे. म्हणूनच तो वापरताना खिडकीचा पडदा ओढून घ्यावा लागतो आणि समोर न हलणारी वस्तू असावी लागते. विमानापासून सुरुवात होण्यात अर्थ आहे, कारण विमान वळण मोठे घेते आणि आत बाहेरचे फारसे दिसत नाही. घाटातल्या बसमध्ये या दोन्ही गोष्टी उलट आहेत.

एक वेगळा मार्गही आहे. ऑडीतून निघालेल्या होलोराइड या कंपनीने २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात असा हेडसेट दाखवला होता, की ज्यात मोटार वळली तर हेडसेटमधील चित्रातले यानही तितकेच वळते, मोटारीने ब्रेक दाबला तर यानही मंदावते. तेथे गाडीच्या हालचालीची माहिती हेडसेटला गाडीकडूनच मिळते. लाल परीच्या बाकापर्यंत अशी माहिती येण्याची चिन्हे नाहीत, पण कल्पना मात्र फार मूलगामी आहे : हालचाल लपवायची नाही, ती दाखवायची.

माचीपेठ :

एक छोटी पण महत्त्वाची भर. हेडसेट काढून मांडीवर ठेवताना त्याची भिंगे खिडकीकडे करू नका. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटते आणि थोड्याच वेळात तेथे कायमचा डाग पडतो. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तोच हा प्रकार. आमच्या घरातील हेडसेटवर असा एक पिवळा ठिपका आहे आणि तो भुईंज ते पाचवड या अंतरात पडला.

कानगोष्टी :

मी मिरजेत कान-नाक-घसा विभागात काम करते, त्यामुळे या धाग्याचे शीर्षक पाहून थांबले. हरिपूररोड यांनी दोन साक्षीदारांचे जे वर्णन केले आहे, ते जवळजवळ तसेच्या तसे आपल्या शरीरालाही लागू पडते, आणि गाडी लागण्याचे मूळ त्यातच आहे.

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचे वळणे ओळखतात. त्यांच्याजवळच कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा थर असलेले दोन अवयव असतात, ते वेग वाढणे, कमी होणे आणि डोके कलणे ओळखतात. हे सगळे आपल्याला ‘आपण हलतो आहोत’ असे सांगत असताना डोळे जर ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगत असतील, तर मेंदूचा हिशेब चुकतो आणि त्याची किंमत पोट मोजते. पुस्तक वाचताना हेच होते, परंतु पुस्तकाच्या कडेने थोडी बस, थोडी खिडकी दिसत राहते. हेडसेटमध्ये ती कडही उरत नाही. त्यात आपला पडदा उलट्या दिशेने सरकत होता, म्हणजे डोळे नुसते गप्प नव्हते, खोटी साक्ष देत होते. ज्याला कधी गाडी लागली नाही त्यालाही अशा वेळी ती लागली, तर त्यात नवल नाही.

हेलकाव्यांची गतीही महत्त्वाची असते. ओ’हॅनलन आणि मॅकॉली यांनी १९७४ मध्ये माणसांना वर-खाली हलणाऱ्या खोलीत बसवून प्रयोग केले, तेव्हा सर्वांत जास्त मळमळ सेकंदाला ०.२ आवर्तनांच्या आसपास, म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा या गतीला आढळली. खड्ड्यांची जलद खडखड त्रासदायक असली तरी ती या पट्ट्यात येत नाही. बोटीचे संथ हेलकावे येतात, आणि घाटात चढणाऱ्या बसचे संथ झोकांडणेही त्याच जातीचे असते. रुग्ण अनेकदा सांगतात की खराब रस्त्याने काही झाले नाही आणि चांगल्या घाटात उलटी झाली. त्यामागचे एक कारण हेही असू शकते.

जांभया येऊ लागणे, तोंडाला पाणी सुटणे, कपाळावर गार घाम येणे, ही पहिली लक्षणे आहेत. त्याच क्षणी हेडसेट काढावा आणि दूरवर क्षितिजाकडे पाहावे. सवय होईल म्हणून रेटून नेऊ नये. सवय होते, पण ती थोड्या थोड्या वेळाच्या वापराने होते, उलटी होईपर्यंत सोसल्याने होत नाही. उलटीच्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा केवळ सिनेमा पाहता यावा म्हणून त्या घेऊ नयेत. आणि भाच्याचा हेडसेट घरातील लहान मुलांच्या हाती जाणार असेल, तर उत्पादकाने वयाची अट घातलेली असते ती आधी वाचावी.

विश्रामबाग :

सांगलीहून पुण्याला मी बहुतेक वेळा रेल्वेने जातो आणि व्हीआर हेडसेटऐवजी पडद्याचा चष्मा वापरतो. तो फोनला वायरने जोडायचा असतो, त्याचे वजन शंभर ग्रॅमही भरत नाही, आणि कडेने डबा दिसत राहतो. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे, व्हिजन प्रोचे त्याहून जास्त आणि त्याची बॅटरी वेगळी खिशात ठेवावी लागते. अर्धा किलो वजन नाकावर घेऊन किर्लोस्करवाडीपर्यंत जाणे मला तरी जमलेले नाही. चष्म्यात पडदा नजरेबरोबर फिरेल अशी सोय निवडली की वळणांचा प्रश्न उरत नाही, कारण तो कुठेही ‘टांगलेला’च नसतो. चित्र मात्र लहान दिसते आणि उन्हात फिके पडते.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : २०२४ च्या आवृत्तीपासून त्यात गाडीच्या हालचालीनुसार पडद्याच्या कडेला ठिपके सरकवण्याची सोय आली आहे. कानगोष्टी यांनी पुस्तकाच्या कडेने दिसणाऱ्या खिडकीचा उल्लेख केला, ते ठिपके म्हणजे तीच खिडकी आहे असे मला वाचताना वाटले.

निवृत्तवाहक :

मी एकतीस वर्षे तिकिटे फाडली आणि शेवटची काही वर्षे मशीनवर काढली. हेडसेट मी फक्त नातवाच्या डोक्यावर पाहिला आहे, पण बसबद्दल दोन गोष्टी अधिकाराने सांगू शकतो.

बस सर्वांत जास्त उसळते ती मागच्या चाकांच्या मागे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली बाके त्या मानाने शांत असतात. ज्यांना गाडी लागते त्यांना आम्ही तेथेच बसवत असू आणि खिडकी द्यायला सांगत असू. वाढेफाटासाहेब, आपण कितव्या बाकावर होतात, ते आपण लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. चालकाने ब्रेक दाबण्याआधी अर्धा क्षण जागा असलेला प्रत्येक प्रवासी हात पुढे करून दांडा धरतो. तो हात त्याच्या नजरेने उचललेला असतो. पुढे ट्रक आडवा आला हे त्याने पाहिलेले असते. झोपलेला माणूस आपटतो, पण त्याच्या तोंडावर अर्धा किलोची टणक वस्तू बांधलेली नसते. समोरच्या बाकाची लोखंडी दांडी बरोबर तोंडाच्या उंचीवर येते, हे ज्यांनी एसटीचा प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय कानातही आवाज कोंडलेला असेल, तर ‘लिंब फाटा कोण आहे’ असे मी चार वेळा ओरडलो तरी लिंब फाट्याचा प्रवासी वाढे फाट्याला उतरणार आणि तेथून माझ्याशीच भांडणार.

राजवाडास्टॉप :

आतापर्यंतची चर्चा हेडसेट घालणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. त्याच्या शेजारच्या बाकावर मी बसलेली असते, म्हणून लिहिते.

हरिपूररोड यांनी सांगितलेला दुसरा साक्षीदार, म्हणजे कॅमेरा, माझ्याकडे तोंड करून असतो. तो केवळ जागा ओळखण्यासाठी चालू आहे की चित्रीकरण करतो आहे, हे मला कसे कळावे? चित्रीकरण चालू असताना पुढे दिवा लागतो, हे मला ठाऊक आहे, कारण मी हा धागा वाचणाऱ्यांपैकी आहे. भाजीची पाटी घेऊन पाचवडला चढलेल्या बाईला ते ठाऊक नसते. फोन रोखलेला तिला ओळखता येतो आणि ती पदर ओढून तोंड फिरवू शकते. चेहऱ्यावर काळी पेटी बांधलेला माणूस तिच्या दिशेने मान वळवून बसला, तर त्याला काय म्हणावे तेच तिला सुचत नाही. तो बिचारा पळणारा पडदा शोधत असेल, हे मला आज प्रथमच कळले.

आणखी एक. सव्वादोन-अडीच तास डोळे आणि कान बंद करून भरलेल्या बसमध्ये बसण्याची कल्पना मनात येणे, हीच मुळात पुरुषाची चैन आहे. आम्ही झोपतानाही पर्स पोटाशी आणि कोपर बाहेर ठेवून झोपतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी रोज प्रवास करू लागल्या. त्यांतील एकीच्याही हाती हा हेडसेट फुकट दिला, तरी ती तो बसमध्ये घालणार नाही. हा आक्षेप यंत्रावर नाही आणि आपल्यावरही नाही, पण ‘सार्वजनिक वाहतुकीत वापर’ असे म्हणताना त्यात कोणती जनता धरली आहे, हे लक्षात असावे.

हरिपूररोड :

राजवाडास्टॉप यांचा मुद्दा मी गृहीतच धरला नव्हता, हे मान्य करतो. कॅमेऱ्यांवर विसंबून राहणे हा तांत्रिक उपाय जितका सुधारेल, तितकी शेजाऱ्याची अडचण वाढेल, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कॅमेरे झाकून केवळ जायरोस्कोपवर चालवावे, तर पुन्हा खंबाटकी.

तसेच एक तांत्रिक भर घालतो : या कॅमेऱ्यांना उजेड लागतो. रात्रीच्या बसमध्ये आतले दिवे मालवले की त्यांना काहीच दिसत नाही, तेव्हा रातराणीतही या मोडची आशा धरू नये.

वाढेफाटा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निवृत्तवाहक यांना सांगतो की मी शेवटून दुसऱ्या बाकावर होतो. पुढे जागा नव्हती. राजवाडास्टॉप यांच्या प्रतिसादानंतर दोन दिवस मला काय लिहावे ते सुचले नाही. त्या शुक्रवारी पलीकडच्या रांगेत दोन महाविद्यालयीन मुली होत्या, आणि घाटात माझी मान कुणीकडे कुणीकडे वळली असेल, याचा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता.

दरम्यान हेडसेट अद्ययावत केल्यावर त्यात प्रवास मोड सापडला. गेल्या रविवारी दिवसाच्या रेल्वेगाडीने साताऱ्याच्या माहुली येथील स्थानकावरून पुण्याला गेलो आणि हा अनुभव नोंदवतो. वाठारपर्यंत हेडसेट बाहेर काढला नाही. शेजारी एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांना आधी सांगितले की मी हा चष्मा लावून सिनेमा पाहणार आहे, आणि दिवा दाखवून तो कशासाठी आहे तेही सांगितले. त्यांनी ‘फोटो येतो का यात?’ असे विचारले. येऊ शकतो, पण मी काढणार नाही, असे म्हणालो. त्यांनी मान डोलावली खरी, पण पदर सावरून घेतला, तेव्हा मी हेडसेट पुन्हा पिशवीत ठेवला. लोणंदला त्या उतरल्या आणि मग मी तो लावला. पण त्याआधी आदर्कीच्या वळणांत आणि बोगद्यात मी नुसता खिडकीबाहेर पाहत होतो, आणि आमच्या डब्यातले दिवे बंद असल्यामुळे बोगद्यात शेजाऱ्याचा चेहराही दिसत नव्हता. कॅमेऱ्यांचे तेथे काय झाले असते, ते उघड आहे.

लोणंद ते जेजुरी पडदा समोरच्या आसनावर खिळल्यासारखा राहिला. एकदाच थरथरला, तो खिडकीच्या गजांच्या सावल्या आसनाच्या पाठीवरून पळू लागल्या तेव्हा. खिडकी बंद केल्यावर थांबला. पंचवीस मिनिटांनी जांभई आली आणि कानगोष्टी यांचे स्मरण होऊन मी तो काढला. मळमळ झाली नाही. जेजुरीनंतर पुन्हा लावला, तो शिंदवण्याच्या उताराआधी काढून ठेवला, आणि तोवर बॅटरी निम्म्याच्याही खाली आली होती. साडेतीन तासांच्या प्रवासात एकूण पाऊण तास सिनेमा पाहून झाला.

शुक्रवारच्या बसमध्ये हेडसेट पिशवीतच असतो. परवा खंडाळ्याच्या अलीकडे ट्रक बंद पडल्यामुळे रांग लागली आणि बस चाळीस मिनिटे जागची हलली नाही. योगायोगाने आवळासुपारीवाले आजोबा त्याच बसमध्ये होते आणि त्यांनीच ‘ती तुमची पेटी आणलीय का’ अशी चौकशी केली. गाडी उभीच होती, म्हणून त्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवून पट्टे सैल केले आणि समुद्राखालची एक चित्रफीत लावून दिली. दहा मिनिटे ते हात मांडीवर ठेवून अगदी स्तब्ध बसले होते. चालकाने इंजिन सुरू केले, बसने पहिला हिसका दिला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी हेडसेट उचलून माझ्याकडे दिला. म्हणाले, “घ्या तुमचं, गाडी सुटली.”